चोच मारलेलं खोड

समुद्रातल्या मोठ्या बेटावर, हिलोच्या अंगाला आमचं खोरं. वरच्या रानातलं कोआचं झाड होडीसाठी पाडायचं तर काओहेशिवाय कुणाचं पान हलत नसे. माणूस ठेंगणा, पाठीला बाक, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. चार शब्द मागावेत तर दोन द्यायचा, आणि आव्याच्या मुळांचा नशेचा रस प्यायला की तेवढेही नाहीत. पण त्याच्या हातची होडी भर समुद्रात चिरली असं त्याच्या बापाच्या काळापासून कधी झालं नव्हतं.

लाकूड तासायला वाकस चालवणं काय, कुणीही शिकतं. होडीवाल्याची कसोटी झाड आडवं पडल्यावर लागते. मुठीत मावेल एवढा तपकिरी पक्षी, एलेपायो, शेपूट वर करून येतो आणि पडलेल्या खोडावर उतरतो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तुरुतुरु चालत गेला तर खोड धडधाकट. मधेच थांबून टोचायला लागला तर टोचलं तिथं लाकूड आतून सडकं. मग कितीही घाम गाळलेला असो, ते खोड तिथंच सोडायचं. त्याला पुन्हा कुणी हातही लावायचा नाही. पक्ष्याकडं बघायचं ते एकट्या होडीवाल्यानं. बाकीच्यांनी खाली उताराकडं तोंड करून गप बसायचं. मीही तसा कैक वेळा बसलोय, मुंग्या चावत असताना.

काओहेचा थोरला पोरगा ओआहू बेटावरच्या कड्यापाशी राजाच्या बाजूनं लढताना गेला. पुढच्या वर्षी आमच्याच बाजूला राजाविरुद्ध बंड झालं, त्यात काओहेचा धाकटा भाऊ गेला. एकाच घरातली दोन मढी, एक राजाचं, एक बंडवाल्याचं. भावाचा पोरगा लिको मागं उरला. त्याला काओहेनं आणि त्याच्या बायकोनं, नावाईनं, आपला म्हणून घरात घेतलं. विशीतला, लांब हाताचा, पाण्यात मासा. पण बापाचं बंड त्याच्या कपाळावर लिहिल्यासारखं होतं. पाण्याच्या पाटावरून दोन शब्द वाढले की समोरचा हटकून म्हणायचा, "जा रं, बंडवाल्याच्या." लिको घरी येऊन अळूचे कंद कुटायला बसायचा, आणि लापशी होऊन खालचा दगड लागेतो कुटत राहायचा.

राजा त्या काळात सगळी बेटं एका हाताखाली आणत होता. गोऱ्यांच्या गलबतांना डुकरं, रताळी, गोडं पाणी द्यायचं आणि बदल्यात बंदुका घ्यायच्या, तोफा घ्यायच्या, दारूगोळा घ्यायचा. एवढ्यानं एक बेट सोडून सगळी आली. उरलं ते पार पल्याडचं, मधे वाईट समुद्र. एकदा निघाले होते, वादळानं माघारी लोटलं. म्हणून आता हुकूम सुटला होता, प्रत्येक खोऱ्यानं एक मोठी लढाऊ होडी द्यायची. ज्या खोऱ्याची होडी, त्याच खोऱ्याचे वल्हेकरी.

आमचं खोरं नव्या वाटपात नामोकू नावाच्या सरदाराला मिळालं होतं. कोहालाकडचा, पोट सुटलेला, सतत काहीतरी चघळणारा. दुष्ट नव्हता. आमच्यात बसून हसायचा, पोरांची नावं लक्षात ठेवायचा. आल्याच दिवशी वल्हेकऱ्यांची नावं त्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली. लिको त्यांत पहिला.

त्या दिवशी काओहे मागच्या खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर पानात गुंडाळलेले कंद रचत होता. आमच्यात रांधायचं पुरुषांनीच, बायांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. नावाई थोड्या अंतरावर कापडासाठी झाडाची साल कुटत बसली होती. हे बोलणं तिनंच मला पुढं सांगितलं, म्हातारपणी.

"लिकोला न्ह्यायचं म्हंत्यात," ती म्हणाली.

"व्हय."

"होडी झाली तर न्ह्येतील. न्हाई झाली तर?"

"व्हनार कशी न्हाई? झाडं उभी हाईत."

नावाईनं मोगरी खाली ठेवली. "झाड पाडल्यावर पक्षी कोन बगतंय?"

"म्या."

"आनि?"

"आनि कोन न्हाई."

"मग झालं तर."

काओहेनं दगडांवर माती लोटली. बराच वेळ लोटत राहिला. "असलं बोलू नगंस," एवढंच म्हणाला. नावाई म्हणाली, "एक पोरगं दिलं त्यांला. दीर त्यांनी घेतला. तिसरं म्या माज्या हातानं होडीत बसवू? तू बसीव. म्या घरात तोंड फिरवून बसते, तुमी रानात बसता तशी."

पहिलं झाड पडलं ते बघण्यासारखं होतं. मग आम्ही सगळे पाठ फिरवून बसलो. काओहे पांढरं धोतर नेसून बुंध्यावर उभा. पाखरू आलं, ते आम्हाला आवाजावरून कळलं. मग बराच वेळ काही नाही. शेवटी काओहे आमच्या पुढं येऊन उभा राहिला.

"टोचलं," तो म्हणाला. "मधोमध."

आम्ही मुकाट्यानं दोर गोळा केले. पक्षी न थांबता शेंड्यापर्यंत गेला होता, उगवतीकडच्या फांदीवर बसून त्यानं पंख झाडले होते. हे त्या दिवशी एकट्या काओहेला ठाऊक होतं, आणि रात्र व्हायच्या आत नावाईला.

दुसरं झाड दीड महिन्यानं पाडलं. डुक्कर दिलं, लाल मासा दिला, प्रार्थना झाली, सगळं रीतीनं. पुन्हा काओहे खाली आला. "टोचलं."

नामोकू खाली वाटेत एका दगडावर बसून होता. तो हसला. "तुमच्या रानातली पाखरं लई खादाड हाईत रं. आमच्याकडची एका झाडाला एक डाव चोच मारत्यात. तुमची काय उपाशी व्हती का?"

आम्ही हसलो. काओहे हसला नाही. "पक्षी सांगंल तसं, धनी."

"सांगू दे की. म्या कुटं त्याच्या तोंडाला हात लावतोय."

खोऱ्यात मात्र काओहेची कीव करत होते लोक. बिचाऱ्याला झाड लागत नाही, पोरगा गेल्यापासून देव रुसलाय त्याच्यावर, असं चाललं होतं. लिको तर जळत होता. शेजारच्या खोऱ्यातल्या होड्या काळा रंग लावून किनाऱ्याला उभ्या राहिल्या, तिथली पोरं वल्ही खांद्यावर टाकून आमच्या वाटेनं जायची आणि विचारायची, "काय रं, तुमी पवत जानार का?"

यात आला लालमान्या. हा गोरा कुठल्याशा गलबतावरून पळून आलेला सुतार. मान उन्हानं कायम भाजलेली, म्हणून हे नाव. राजाला गोऱ्यांसारखं गलबत बांधायचं होतं, त्यासाठी फळ्या लागत होत्या, आणि लालमान्याकडं दोन माणसांनी ओढायची लांब करवत होती. त्याला रीतभात ठाऊक नव्हती. रानात आडवी पडलेली दोन कोरी खोडं दिसली तशी त्यानं विचारलं, ही कुणाची. कुणाची नाहीत म्हटल्यावर खूश झाला. आमच्यातला कुणी हात लावेना, म्हणून नामोकूनं कोहालाची आपली माणसं दिली. आणि लिकोला करवतीचं नवल, तो आपण होऊन गेला.

पहिलं खोड उभं चिरलं. मधोमध, जिथं टोचलं म्हणून काओहेनं सांगितलं होतं, तिथं लाकूड तांबूस, घट्ट, भेग नाही की डाग नाही. दुसरंही तसंच. फळ्या खाली आणून किनाऱ्यावर रचल्या. सगळं खोरं बघायला जमलं. काओहे आला, एका फळीवरून हात फिरवला आणि हात मांडीला पुसला.

आता काओहे सापडला, असं आज वाचणाऱ्याला वाटेल. आम्हाला तसं वाटलंच नाही. काओहे खोटं बोलेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. शिरलं ते वेगळंच, आणि ते नामोकू सगळ्यांच्या आधी बोलला.

"म्हंजी पक्षी खोटा," तो म्हणाला. चघळायचं थांबून. "इतकी वर्सं आपुन पाखराचं ऐकत बसलो. किती खोडं सडवली असतील रं तुमच्या बापजाद्यांनी?"

म्हातारी माणसं खाली बघायला लागली. कुणीतरी पुटपुटलं की गोऱ्यांची गलबतं आल्यापासून रानाचं काही खरं राहिलं नाही, पाखरंसुद्धा बिघडली. नामोकूनं ते उचललं. "बिगडली असतील. मग बिगडल्याल्या पाखराचं ऐकायचं कशापाय? काओहे, हितनं फुडं झाड पडलं की झालं. बगायचं न्हाई, बसायचं न्हाई."

काओहेचं तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटलं. तेव्हा बोलला असता तर त्याचं मस्तक देवळाच्या ओट्यावर गेलं असतं, राजाच्या कामात खोट घातली म्हणून. आणि घर बंडवाल्याचं आहेच, तेव्हा लिकोचंही गेलं असतं. ज्या पाखरावर तो पोसला, ज्याच्यावर त्याच्या बापानं घर चालवलं, ते सगळ्या खोऱ्यापुढं खोटारडं ठरलं आणि तो बघत उभा राहिला.

तिसरं झाड नामोकूनंच निवडलं, मोठं म्हणून. पाडलं. आम्हाला पाठ फिरवून बसू दिलं नाही, लगेच दोर बांधायला लावले. त्या गडबडीत पाखरू आलंच. आम्ही सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं. बुंध्यापासून चालत निघालं, मधे थांबलं, मान वाकडी केली, आणि टोचायला लागलं. ठकठक, ठकठक. हाकलल्यावर उडालं आणि फिरून तिथंच येऊन बसलं.

दोर धरलेली माणसं थबकली. नामोकूनं टाळी वाजवली. "बगा, आलं बिगडल्यालं पाखरू. वडा."

"धनी," काओहे म्हणाला, "हे खोड नगं."

"का?"

"टोचलं."

"मागचीबी टोचलीच व्हती की. त्यांच्या फळ्यांवर माजी माणसं झोपत्यात आता." माणसं हसली, आमच्यातलीसुद्धा. "वडा रं."

खोड ओढताना रीत अशी की होडीवाला एकटा खोडाच्या मागून चालतो, त्याच्या मागं कुणी नाही. काओहे चालला. उतारावर खोड घसरायला लागलं की आम्ही ओरडत बाजूला व्हायचो. तो मात्र मागं वाळल्या पानांतून खाली मान घालून येत होता, मढ्यामागं चालल्यासारखा.

कोरताना त्यानं ती जागा शंभरदा चाचपली असेल. वरून काही दिसत नव्हतं. वाकसाच्या दांड्यानं ठोकलं की इतर ठिकाणी टणक वाजायचं आणि बुडाशी, हातभर पट्ट्यात, बद्द वाजायचं. लांबी कमी करायची परवानगी मागितली, नाही मिळाली. मग त्यानं बुडाला आतून ठिगळ घातलं, काथ्यानं शिवलं. तसलं ठिगळ आमच्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. तरी शिवण ज्या लाकडात घ्यायची तेच लाकूड आतून भुसा.

रंग लावायच्या आदल्या दिवशी तो नामोकूकडं गेला. नामोकू मांडवात चटईवर पडला होता. काओहे हातापायांवर रांगत आत गेला, आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, लांबलचक बोलला.

"धनी, पक्षी खोटा न्हाई. म्या खोटा. पयल्या दोन झाडांवर पाखरू शेंड्यापत्तुर सरळ गेलं. म्या टोचलं म्हनून सांगितलं. लिकोला धाडायचं नव्हतं म्हनून. हे तिसरं खरं टोचलंय. माजं मस्तक घ्या, पर ही होडी पान्यात घालू नगा. येका पोराचं न्हाई, चाळीस पोरांचं हाय."

नामोकू उठून बसला. हळूहळू त्याच्या तोंडावर दया आली. तीच वाईट झाली.

"काओहे, तुजं थोरलं पोरगं गेलं तवा म्या ओआहूत व्हतो," तो म्हणाला. "म्हाईत हाय मला. आता धाकट्यासाठी तू सोताला खोटारडा म्हनाया लागलास. बाप हाईस."

"धनी, खरं सांगतो."

"तू खोटा बोललास म्हंतोस, आनि ते खरं मान म्हंतोस. आता म्या काय करावं बाबा?" तो हसला, पण मायेनं. "तुज्यासारका मानूस देवाफुडं खोटं बोलतोय व्हय? पाखरू बिगडलंय, तू न्हाई. जा घरला. लिकोची काळजी सोड. म्या त्याला बंदूक देतो, राजाच्या हत्यारातली. मग कुनी बंडवाल्याचा म्हनंल का त्याला? तोंड फोडीन म्या त्याचं."

काओहे हातापायांवर रांगत बाहेर आला.

घरी लिको वल्ह्याला तेल चोळत होता. काओहेनं त्यालाही सांगितलं. नावाई अंगणातच होती.

"पोरा, ती होडी पोकळ हाय. पळ. वरच्या रानात जा, म्या कायतरी सांगतो."

"बा, तू दोनदा असंच बोलला व्हतास," लिको म्हणाला. "त्या फळ्या म्या सोताच्या खांद्यावर आनल्या. लोखंडावानी हाईत."

"त्या दोन येळला म्या खोटं बोललो."

लिकोचा हात थांबला. "कशापाय?"

नावाई म्हणाली, "तुज्यापाय."

लिकोनं वल्हं खाली ठेवलं. "म्हंजी शेजारची पोरं मला हसत व्हती ती तुमच्यामुळं," तो म्हणाला. "त्यांचं सगळं खोरं हसलं आमच्यावर. म्या बंडवाल्याचा, आनि आता म्या भेकडाचाबी. आनि हे तिसरं खोटं कशावरनं न्हाई?"

"लिको," नावाई म्हणाली.

"आये, तू गप. मला माज्या बापावरचा डाग धुऊन काढायचाय. तुमाला म्या घरात कोंडून पायजे." त्यानं वल्हं उचललं आणि किनाऱ्यावर पोरांच्या मांडवात राहायला गेला. निघेपर्यंत परत आला नाही. नावाई रोज त्याच्या वाटणीचं कुणाच्या ना कुणाच्या हाती धाडायची. काओहे रांधायचा. रिकामी पानं परत यायची, निरोप नाही.

होड्या निघाल्या त्या दिवशी वारा चांगला होता. लिकोच्या पाठीला बंदूक, दोरानं आवळून बांधलेली, म्हणजे हात वल्ह्याला मोकळे. उन्हात नळी चमकत होती. तो पुढच्या बाजूला बसला होता आणि एकदाही मागं वळला नाही. काओहे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडीच्या बुडाकडं बघत होता, पोराकडं नाही. त्यानं आपल्याला पाणी उपसायला तरी होडीत घ्या म्हणून विनवलं होतं. नामोकू म्हणाला होता, नवी होडी कोण करणार मग.

पुढचं पाओआनं सांगितलं, माघारी आल्यावर. पाओआ आमच्या वरल्या अंगाचा, त्याच होडीत होता. माउई बेटाच्या अलीकडचा समुद्र फसवा, वारा दोन डोंगरांमधून येतो आणि लाटा कुठून येतील सांगता येत नाही.

"आवाज झाला न्हाई," पाओआ म्हणाला. "पायाखाली गार लागलं. बगतो तर बूड उभं उगडल्यालं. येकदम भाजीच्या शेंगंवानी."

शेजारच्या होडीनं निम्मी माणसं उचलली. आमच्यातला कुणी पाण्याला भीत नाही, पण लाटा मोठ्या होत्या आणि फुटलेली होडी माणसांवरच येऊन आदळत होती. लिको दोघांना धरून आणत होता. "म्या वरडलो त्याला, बंदूक सोड. गाठ भिजून आवळली व्हती. दातानं सोडवाय लागला. मग येक लाट आली."

काओहेनं ऐकलं. अंगणातला दगड घेऊन स्वतःचे समोरचे दोन दात पाडले. आमच्यात ती रीत आहे, पण ती मोठ्या सरदाराच्या मरणाला.

मग लोक यायला लागले. ज्यांची पोरं गेली तेही आले. इथंच त्याचं खरं मरण झालं. पाओआचा बाप, ज्याचा दुसरा पोरगा त्याच होडीत गेला होता, काओहेच्या पायाशी बसून रडला. "तू सांगितलं व्हतंस," तो म्हणाला. "येकटा तू म्हनालास हे खोड नगं म्हनून. आमी हसलो रं तुला. आमी दोर वडले."

"म्या खोटं बोललो व्हतो," काओहे म्हणाला. दात नव्हते, शब्द फुटत होते. "आधीच्या दोन्ही झाडांला म्या..."

"उगी," म्हातारा म्हणाला. "सोताला दोस लावू नगंस. उगी." आणि त्यानं काओहेची पाठ थोपटली. सगळे तसंच करायचे. त्यानं कितीदा सांगितलं, किती जणांना सांगितलं, प्रत्येकानं पाठ थोपटली. दुःखानं माणूस असंच काहीतरी बोलतो, असं म्हणून निघून जायचे. खोऱ्यात त्याचा मान पूर्वीपेक्षा वाढला. वाटेत दिसला की बाया पोरांना बाजूला ओढून उभ्या राहायच्या.

नावाईला कुणी काही म्हणालं नाही, कारण तिला कुणी काही विचारलंच नाही. ती साल कुटत राहिली. दोघं त्या गोष्टीवर पुन्हा कधी बोलली नाहीत. तो रांधायचा, तिचं पान अंगणाच्या तिच्या बाजूला ठेवायचा आणि आपलं घेऊन पुरुषांच्या झोपडीत जायचा, जिथं आता तो एकटाच होता.

नामोकूनं बुडालेल्या होडीच्या जागी दुसरी मागितली. काओहेनं करून दिली. त्यानंतरही केल्या. नामोकूनं आता पक्षी बघायची मोकळीक दिली होती, पण काओहे झाड पडलं की आमच्यासारखा पाठ करून बसायचा. बुंध्यावर कुणी उभं राहत नसे. आव्याचा रस वाढला, कातडीचे खवले निघायला लागले, डोळे पिवळे झाले. शेवटी वाकस धरता येईना.

राजाच्या बाकी सगळ्या होड्या ओआहूपर्यंत गेल्या. तिथं सैन्यात रोग शिरला, सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी मढं. पाओआ नव्या होडीबरोबर पुन्हा गेला आणि तिथंच मेला. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या त्या तिथंच वाळल्या, भेगाळल्या, लोकांनी सरपणाला नेल्या.

मग काही वर्षांनी बातमी आली की पल्याडच्या बेटाचा राजा गोऱ्यांच्या गलबतात बसून आपण होऊन आला, आमच्या राजाशी बोलला आणि बेट देऊन टाकलं. एक वल्हं मारावं लागलं नाही. सगळी बेटं एक झाली. खोऱ्यात डुकरं भाजली, नाच झाला, नामोकू म्हातारा झाला होता तरी नाचला.

काओहे तेव्हा अंथरुणावर होता. नावाई दाराच्या बाहेर, तिच्या बाजूला. मीच त्यांना सांगायला गेलो होतो.

"बोलून झालं म्हंतोस?" नावाईनं विचारलं.

"व्हय. नुसतं बोलून."

"किती येळ बोलले?"

"म्हाईत न्हाई. येक दिस असंल. दोन."

आत काओहे काही म्हणाला का म्हणून मी वाकून बघितलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता, खांदा हलत होता तेवढाच.

"आधी बोलायचं व्हतं मग," नावाई म्हणाली, आणि मोगरी उचलून कुटायला लागली.